चांगलं तेवढंच ऐक

माझ्या डोहाळजेवणात ओटीत तांदूळ पडले, नारळ पडला, फळं पडली आणि सगळ्यांत वर एक नवाकोरा मोबाइल पडला. ओटी भरणाऱ्या बायका हात तसेच धरून एकमेकींकडे बघायला लागल्या.

"बघताय काय," मामी म्हणाल्या. "आमच्या रणधीरनं आणलाय. सोनंनाणं सगळेच देतात. यानं पोटातल्या लेकराच्या संस्काराचा विचार केला."

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. रणधीर माझा नवरा. जयसिंगपुरात स्टँडसमोर त्याचं मोबाइल विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात गल्ल्याच्या मागे त्याचा एक फोटो लावलेला असे. जास्त फोन खपवले म्हणून कंपनीनं दुकानदारांना समुद्रावर फिरायला नेलं होतं, तिथला. गळ्यात फुलांचा हार, डोळ्यांवर काळा चष्मा आणि चेहरा असा की समुद्र यानंच खणलाय.

त्यानं बायकांसमोर फोन चालू करून दाखवला. "यात गर्भसंस्काराचे श्लोक आहेत, अभंग आहेत, बाळकृष्णाचे फोटो आहेत. रोज सकाळी लावायचं. फालतू कॉल आणि फालतू मेसेज मी बंद करून टाकलेत. वृषाली, आता फक्त चांगलं तेवढंच ऐक."

बायकांनी असं कौतुक केलं की विचारू नका. मी बावीस वर्षांची होते. हिरव्या साडीत, गळ्यात फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसले होते आणि मला वाटलं, एवढा काळजी करणारा नवरा पाची बोटांनी देव पूजल्याशिवाय मिळत नाही.

फक्त समोरच्या मगदूम काकूंनी खोडा घातला. "सहाव्यातच डोहाळजेवण? आणि लगेच माहेरी धाडताय? सातवा पुरा होऊ द्यायचा की."

"तिची आई एकटी असते," मामी म्हणाल्या. "पोरीचे चार दिवस जास्त लाड झाले तर काय बिघडलं?"

मामींच्या तोंडी लाड हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पाचव्या महिन्यात ओकाऱ्यांनी जीव नको झाला होता, तेव्हा याच बाईनं मला पहाटेच्या नळाचं पाणी भरायला लावलं होतं. "आम्हीबी पोरं काढली, पण कुणाला कळू दिलं नाही," असं वर ऐकवलं होतं. आणि आता एकाएकी त्यांच्या मायेला पूर आला होता. पण माहेरी जायचं म्हटल्यावर कुठली पोरगी उलट प्रश्न विचारते? दुसऱ्याच दिवशी मी भरल्या ओटीनं आजऱ्याच्या गाडीत बसले.

माझं माहेर आजऱ्याच्या पुढे, एका लहान गावात. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई काजूच्या कारखान्यात काजू सोलायला जायची. काजूच्या चिकानं तिच्या बोटांची टोकं कायमची काळी पडली होती. त्या बोटांनी तिनं मला बारावीपर्यंत शिकवलं आणि लग्नही लावून दिलं. जावयानं दिलेला फोन तिनं आधी देवापुढे ठेवला, मग माझ्या हातात दिला.

"जावईबापू बोलले ते खरंच हाय," ती म्हणाली. "गर्भारपणी वंगाळ बघू न्हाई, वंगाळ ऐकू न्हाई. कानावर पडंल ते लेकराच्या काळजात जातंय."

टीव्हीवर बातम्यांत खून आला की ती उठून बंद करायची. माझा दिवस श्लोकांनी सुरू व्हायचा आणि अभंगांनी संपायचा. जुन्या साध्या फोनवर मला दर आठवड्याला एक रेकॉर्ड केलेला कॉल यायचा, गरोदरपणात काय खायचं, कधी तपासायला जायचं ते सांगणारा. कार्ड तेच होतं, पण नव्या फोनवर तो कॉल येईनासा झाला. मला वाटलं, सरकारची योजना असेल, संपली असेल.

सातव्या महिन्यात अंगणवाडीत गरोदर बायकांची बैठक होती. उपकेंद्राच्या शेणवी सिस्टर टॅब घेऊन आल्या होत्या. आम्ही सात-आठ जणी भिंतीला टेकून पाय पसरून बसलो होतो. आईही त्या दिवशी सुट्टी टाकून माझ्याबरोबर आली होती. सिस्टरनी टॅब खिडकीत उभा केला आणि एक व्हिडिओ लावला.

त्यात चित्रातली एक बाई होती, पोट आलेली, पिवळ्या साडीची. बोलायची मात्र अगदी आपल्याकडच्या बाईसारखं. आधी तिनं लोहाच्या गोळ्या सांगितल्या, दूध-भाकरी सांगितली. मग म्हणाली, "बायांनो, एक आजार असा आहे की तो अंगात असून कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही. त्याचं नाव सिफिलिस. तो शरीरसंबंधातून होतो आणि आईकडून पोटातल्या बाळाला जातो."

अंगणवाडीत कुणीतरी ठसका लागल्यासारखं खोकलं. एकीनं पदर तोंडावर ओढला.

"बंद कर ते, सिस्टर," आई म्हणाली. "पोटुशा पोरींपुढं असलं काय लावतीस? असला आजार बाजारातल्या बायकांचा."

सिस्टर शांत होत्या. "मावशी, आजाराला बाजार आणि घर कळत नाही. दोन मिनिटं ऐका."

पिवळ्या साडीची बाई बोलतच होती. "उपचार केला नाही तर बाळ पोटातच दगावू शकतं, नाहीतर आजार घेऊन जन्मतं. पण वेळेत इंजेक्शन घेतलं तर बाळ वाचतं. गरोदरपणात रक्त तपासतात तेव्हा ही तपासणीही होते. तुमचा रिपोर्ट तुम्ही स्वतः विचारा. तो तुमचा आहे. आणि आजार निघाला तर नवऱ्यालाही तपासायला आणा. बायकोच्या रक्तात सापडला म्हणजे तो बायकोनंच आणला, असं नसतं."

व्हिडिओ संपला. सिस्टरनी विचारलं, "कुणाकुणाला आपला रिपोर्ट माहीत आहे?" एकीनंच हात वर केला. मी म्हणाले, "माझं रक्त चौथ्या महिन्यात जयसिंगपूरला काढलं होतं. पुढं कुणी काही बोललं नाही."

"मग विचारायला नको?"

"काही असतं तर सांगितलं असतं की त्यांनी."

"तेच तर व्हिडिओत सांगितलं आता," सिस्टर म्हणाल्या. "बोट पुढं कर. इथंच होतं."

सुई टोचून त्यांनी एक थेंब एका छोट्या पट्टीवर घेतला. आम्ही गप्पा मारत बसलो. थोड्या वेळानं सिस्टरनी पट्टी उचलून बघितली, परत खाली ठेवली आणि बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "तुम्ही निघा आता, पुढच्या महिन्यात भेटू." मला आणि आईला मात्र त्यांनी थांबवलं.

मला कळायचं ते तिथंच कळलं.

सिस्टरनी दार लोटलं आणि सरळ सांगितलं. पट्टीवर सिफिलिस दाखवतोय. उद्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर पुन्हा रक्त तपासून खात्री करतील आणि इंजेक्शन सुरू करतील. दर आठवड्याला एक, अशी तीन. अजून वेळ हातात आहे, बाळाला वाचवता येईल. मी फक्त पोटावर हात ठेवून बसले होते. आतून बाळानं लाथ मारली. त्या लाथेचं मला एरवी हसू यायचं.

"जयसिंगपूरला तेव्हा काय निघालं होतं ते विचारू," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. तिकडच्या सिस्टरना नाव सांगितल्यावर त्यांनी थोडं थांबायला लावलं. मग आवाज आला, "हो, या पेशंटचं तेव्हाच पॉझिटिव्ह आलं होतं. तिच्या मिस्टरांना फोनवर सांगितलं होतं आम्ही. ते म्हणाले, खासगी डॉक्टरकडे इंजेक्शन देऊन घेतो. नंतर फोन केला तर दिलं म्हणाले."

"पेशंटला सांगितलं का?" शेणवी सिस्टरनी विचारलं.

"कागदावर नंबर मिस्टरांचा होता. त्यांना सांगितलं की."

मी फोनकडे वाकून म्हणाले, "ताई, रक्त माझं होतं ना?"

अजूनही मला त्याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

घरी आल्यावर आईनं दाराला कडी लावली. चुलीपुढं बसली आणि बराच वेळ काळी बोटं एकमेकांत गुंतवून सोडवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वृषाली, माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांग. लग्नाच्या आधी काय..."

"आई," मी म्हणाले, "तू सुद्धा?"

तिनं पुढचं वाक्य गिळलं. पण मला लागायचं ते लागलं. नवऱ्याला निरोप गेला, नवरा गप्प बसला, आणि शपथ कुणी घ्यायची, तर मी. आपल्याकडे दगड कुणीही मारो, डोकं बाईचंच फुटतं. मी काही शपथ घेतली नाही.

रात्री रणधीरला फोन केला. तो आधी गडबडला, मग सावरला. "अगं, असले रिपोर्ट चुकतात. मला वाटलं, तुला कशाला घाबरवायचं? बाळंतपण झाल्यावर बघू म्हटलं."

"बाळंतपण झाल्यावर? बाळाचं काय?"

"तू टेन्शन घेऊ नको. श्लोक लावतेस ना रोज?"

"अहो, तुम्हालाही तपासावं लागेल. इकडं या, सिस्टर इंजेक्शन देतील."

"माझं मी बघतो," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मोबाइलवाल्याची बायको होते मी. दुकानात बसून बसून मला फोनच्या सगळ्या खोड्या माहीत झाल्या होत्या. त्या रात्री मी फोनमध्ये शिरून बघितलं, तर दर आठवड्याच्या त्या कॉलचा नंबर त्यानं ब्लॉक करून ठेवला होता. बँकेचे, विम्याचे, साड्यांच्या दुकानाचे फालतू कॉल सगळे चालू होते. बंद होता तो एकच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खात्री करून पहिलं इंजेक्शन दिलं. कमरेखाली निखारा ठेवल्यासारखं दुखत होतं. एस.टी.त मला बसता येईना, मी आजऱ्यापासून उभी राहून आले. आई दांड्याला धरून माझ्याशेजारी उभी होती. जागा रिकामी असून ती बसली नाही.

दुसरं इंजेक्शन झालं आणि रविवारी न सांगता रणधीर आला. एकटा नव्हता. बरोबर मामी होत्या आणि आमचं लग्न जमवणारे बापूकाका होते. तंटा असला की मध्यस्थाला आणायची आपल्याकडे रीत आहे. म्हणजे ही माणसं मला बघायला आली नव्हती, तंटा करायला आली होती.

मामींनी पाण्याला हात लावला नाही. पदर सावरून बसल्या आणि बापूकाकांना उद्देशून बोलायला लागल्या.

"बापूराव, तुमच्या शब्दावर आम्ही ही पोरगी केली. आमच्या घरातनं धडधाकट, भरल्या ओटीनं पाठवली. अख्ख्या गल्लीनं बघितलं. इथं येऊन दीड महिना झाला. आणि इथं आल्यावर हिच्या रक्तात हे असलं निघालं. आता काय समजायचं ते तुम्हीच समजा. वर बाप नाही डोक्यावर."

मी दारात उभी होते आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. सहाव्या महिन्यातलं डोहाळजेवण. मामींच्या मायेचा पूर. अख्ख्या गल्लीसमोर भरलेली ओटी. पोरगी धडधाकट पाठवली याला साक्षीदार हवे होते त्यांना. जे निघायचं ते माहेरात निघू दे, म्हणजे ते माहेराचं. तोवर बाळाचं काय व्हायचं ते होवो. माझी ओटी भरताना या बाईनं मनात हा हिशेब मांडला होता, आणि मी वाकून तिच्या पाया पडले होते.

आईची मान खाली गेली होती. ती मान बघून माझ्या अंगाची लाही झाली.

मी आत गेले, तो डोहाळजेवणातला फोन आणला. शेणवी सिस्टरनी गरोदर बायकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवलेला तोच व्हिडिओ लावला आणि सगळ्यांच्या मधोमध तांब्याला टेकवून ठेवला. पिवळ्या साडीची बाई बोलायला लागली. बापूकाका चष्मा लावून पुढं सरकले. सिफिलिस म्हटल्यावर त्यांनी पानाची डबी उघडली आणि तशीच मिटली. "नवऱ्यालाही तपासायला आणा," इथवर आलं तेव्हा मी व्हिडिओ थांबवला.

"सिस्टर उपकेंद्रातच राहतात," मी रणधीरला म्हणाले. "चला. तुमचं रक्त बघतील, लागलं तर इंजेक्शन देतील."

"मला गरज नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना."

"तपासल्याशिवाय कसं कळलं?"

रणधीर मामींकडे बघायला लागला. मामी छताकडे बघायला लागल्या. बापूकाका बिचारे समजूत घालायला म्हणून मध्ये पडले. "घे की लेका. एका सुईला काय भितोस? बायकोनं दोन घेतल्या. तुझं रक्त चांगलं निघालं तर तुझीच बाजू खरी ठरंल. चल, मी येतो बरोबर."

"काका, नको म्हणतोय मी."

"अरे, पण का नको? नाहीतर लोक म्हणतील, चोराच्या मनात चांदणं."

"मी घेतलंय," रणधीर एकदम बोलून गेला.

"काय घेतलंयस?"

"इंजेक्शन. सांगलीला. झालंय माझं सगळं, बराय मी."

"गप बस," मामी त्याच्यावर ओरडल्या. आणि त्या दोन शब्दांनी त्यांनाही सगळं ठाऊक होतं हे आम्हाला कळलं.

"कधी घेतलंस?" बापूकाकांनी विचारलं.

"डोहाळजेवणाच्या आधी," तो म्हणाला.

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं यानं गुपचूप सांगलीला जाऊन स्वतःला बरं करून घेतलं होतं. आणि घरी येऊन माझ्यासाठी श्लोक भरत बसला होता. तेच औषध होतं, तीच सुई होती. मला बरोबर नेलं असतं तर गाडीला पेट्रोलसुद्धा जास्त लागलं नसतं.

"तुला कळलं होतं," मी म्हणाले. "तू स्वतः बरा झालास. माझ्या पोटात तुझं लेकरू होतं आणि त्याच्या अंगात तू दिलेलं विष होतं. तरी मला श्लोक ऐकायला लावून तू इकडं धाडलंस. लेकरू मेलं असतं तर काय केलं असतंस रे? तेही माझ्या आईच्या दारात टाकलं असतंस?"

"नवऱ्याला अरे-तुरे करतेस?" मामी उठून उभ्या राहिल्या. "बघा बापूराव, बघा हिची जीभ."

इतकं सगळं ऐकून त्या बाईला लाज कशाची वाटली, तर माझ्या अरे-तुरेची. नातू मेला असता तर चाललं असतं, पण सुनेनं अहो म्हणायला हवं होतं.

बापूकाकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला कशाला आणलंत तुम्ही?" ते मामींना म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला?"

मी फोन उचलायला गेले तर बोट लागून व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. "बायकोच्या रक्तात सापडला म्हणजे तो बायकोनंच आणला, असं नसतं," पिवळ्या साडीची बाई म्हणाली.

"बंद कर आधी ते," मामी म्हणाल्या. "पोटुशा बाईनं असलं वंगाळ ऐकू नये."

तेव्हा आईनं मान वर केली. तिनं पुढं होऊन फोन उचलला, लुगड्याला पुसला आणि आपल्या काळ्या बोटांनी माझ्यापुढं धरला.

"पहिल्यापासनं लाव गं," ती म्हणाली. "विहीणबाईंना नीट ऐकू आलेलं न्हाई. आणि आवाज वाढीव."

मी आवाज वाढवला. व्हिडिओ पुरा व्हायच्या आत मायलेक दोघं बाहेर गाडीत जाऊन बसली होती. बापूकाका मात्र शेवटपर्यंत बसले. मग आईनं दिलेलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी एस.टी.नं जातो." फोनमधलं माझं कार्ड काढून घेऊन मी फोन त्यांच्याकडे दिला. म्हटलं, ज्याचा आहे त्याला द्या.

तिसऱ्या इंजेक्शनला जाताना कारखान्यातल्या मुकादमानं सुट्टीचं कारण विचारल्यावर आईनं स्पष्ट सांगितलं, लेकीला सिफिलिसचं इंजेक्शन आहे. त्याच्या हातातली बिडी गळून पडली, असं तीच हसत सांगायची. पुढच्या बैठकीला ती माझ्याबरोबर आली, तेव्हा तिच्यामागं कारखान्यातल्या दोन सुना होत्या. सिस्टरपुढं त्यांना बसवून म्हणाली, "हिचं रक्त बघ, आणि हिचंबी. आणि काय निघंल ते ह्यांनाच सांग, ह्यांच्या दादल्याला न्हवं."

मुलगी श्रावणात झाली. डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, हातपाय, डोळे, सगळं बघितलं. नंतरही बरेच महिने तिला नेऊन दाखवत होतो. अंगावर कुठं काही नव्हतं. रडायची मात्र अशी की वरच्या आळीला ऐकू जायचं.

बारशाला जयसिंगपूरहून कुणी आलं नाही. आलं असतं तरी मी दार उघडलं नसतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या नव्हती. पाळण्याभोवतीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी उठले, पाळण्यावर वाकले आणि तिचं नाव घेतलं.

"अगं, हळू," एक म्हातारी म्हणाली. "कानात कुजबुजायचं असतं."

"असू दे, आजी," मी म्हणाले. "हिला सगळं ऐकू आलं पाहिजे."

आणि मी पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणाले, "रेवती."